आयबीडी आणि कर्करोगाची पूर्वखूण: कोणत्या कोलोनोस्कोपीत काय दिसतं?

आयबीडी म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहण्याचा आजार. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज हे त्याचे दोन मुख्य प्रकार. मोठ्या आतड्यातली सूज दीर्घकाळ राहिली, तर तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्याआधी अस्तराच्या पेशी बदलू लागतात. या बदलाला डिस्प्लेशिया म्हणतात. तो वेळीच सापडला, तर कर्करोग टाळता येऊ शकतो.

अडचण ही, की हा बदल अनेकदा सपाट असतो आणि सुजेत लपून जातो. सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर तो भरवशाने दिसत नाही. म्हणून कोलोनोस्कोपी करावी लागते. तिच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पांढरा प्रकाश
जुन्या कॅमेऱ्यातून सपाट बदल निसटायचे. त्यामुळे दर 10 सेंटीमीटरवर चार, असे एकूण तीसहून अधिक तुकडे बायोप्सीसाठी काढत. एचडी कॅमेऱ्यामुळे आता चित्र बरंच स्पष्ट दिसतं.

रंगाची फवारणी
मिथिलीन ब्लू किंवा इंडिगो कार्माइन फवारलं, की अस्तराचे उंचसखल भाग उठून दिसतात. 2003 मध्ये जर्मनीत 165 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रंग वापरलेल्या गटात 32, तर दुसऱ्या गटात 10 बदल सापडले. मात्र ती तुलना जुन्या कॅमेऱ्याशी होती. एचडी कॅमेऱ्यासमोर हा फरक कमी होतो. शिवाय फवारणीला वेळ आणि सराव लागतो.

बटणावरचा 'रंग'
एनबीआय तंत्रात 415 आणि 540 नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश वापरतात. रक्त तो शोषून घेतं, त्यामुळे रक्तवाहिन्या गडद दिसतात. सुरुवातीच्या अभ्यासांत याचा खास फायदा दिसला नाही. पण एचडी कॅमेऱ्यासोबत आता हा रंगाच्या फवारणीला पर्याय मानला जातो.

संशयास्पद जागा कुठल्याही पद्धतीने दिसली, तरी निदान बायोप्सीनंतरच होतं.

तपासणी कधी?
मोठ्या आतड्यात आजार असेल, तर साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून 8 वर्षांनी पहिली तपासणी करतात. पुढची 1 ते 5 वर्षांत, धोक्यानुसार. सोबत पित्तनलिकांचा पीएससी हा आजार असेल, तर निदान होताच आणि मग दरवर्षी.

सूज आटोक्यात आणि आतडं स्वच्छ असताना तपासणी अधिक अचूक होते. त्रास थांबला म्हणून ती टाळू नका. कॅमेरा एचडी आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.