शिक्का कोणत्या पानावर?

'शिक्कामोर्तब झाले' असे आपण आज सहजपणे म्हणतो, आणि त्याचा अर्थ एवढाच घेतो की निर्णय पक्का झाला. जुन्या मराठी दफ्तरात मात्र ही दोन निराळी कामे होती व कागदावर त्यांच्या जागाही निराळ्या होत्या. राजमुद्रेचा शिक्का मजकुराच्या माथ्याशी उमटवायचा आणि मोर्तब मजकूर जिथे संपेल तिथे, शेवटच्या ओळीला लागून करायचे. या लहान मुद्रेत 'मर्यादा' हा शब्दच कोरलेला असे. म्हणजे आज्ञेची हद्द इथे संपली, याखाली कोणी एक अक्षरही वाढवू नये. पत्र लांब असले तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत आणि जोडाच्या पाठीमागे शिक्का मारीत, म्हणजे मधला एखादा बंद काढून दुसरा घुसवता येऊ नये. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी जे तंजावरला किंवा बडोद्याला गेले असतील, त्यांनी मोडी कागद पाहिले असतील. पुढच्या वेळी अक्षरांच्या वळणाबरोबरच शिक्क्यांच्या जागाही अवश्य पाहाव्यात. कागदाचा अर्धा अर्थ तिथे असतो.

प्रशासनाचा इतिहास लिहिणारे बहुधा कायदे, महसूल आणि पदरचना यांवर लिहितात. पानावर एखादी खूण नेमकी कुठे उमटवायची हा त्यांना कारकुनी तपशील वाटतो. माझ्या मते तो तसा नाही. कागदावरची जागा हीदेखील आज्ञेचाच भाग असते, आणि संगणक आल्यावर आपण नेमकी तीच गोष्ट काही वर्षे गमावून बसलो होतो.

या विषयावरचा सर्वांत सविस्तर जुना मजकूर मला 'ऐन-ए-अकबरी'त सापडला. अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या ग्रंथात शिक्क्यांच्या क्रमावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. फर्मानाच्या कागदाला खालच्या बाजूने घड्या घालायच्या. पहिल्या, कमी रुंदीच्या घडीवर कागदाच्या कापलेल्या कडेजवळ वकिलाचा शिक्का. त्याच्या समोर पण किंचित खाली दिवाणीच्या मुश्रिफाचा शिक्का, आणि तो असा की त्याचा अर्धा भाग दुसऱ्या घडीवर यावा. मग त्याच रीतीने आणखी थोडे खाली सद्राचा. वाचताना गंमत वाटते, पण थोडा विचार केला की त्यामागील शहाणपण दिसते. घडी उलगडली की शिक्क्याचे दोन तुकडे आपापल्या जागी जुळले पाहिजेत. ते जुळले नाहीत तर कागदात काही तरी फेरफार झाला आहे. शिवाय कोणत्या अधिकाऱ्याने कोणाच्या आधी कागद पाहिला, हे तारीख न वाचताही कळते. जहांगीराने तर आपल्या आत्मवृत्तात नोंदवले आहे की, कायमच्या जमीन-इनामाच्या फर्मानावर शिक्क्याच्या जागी आधी सोन्याचा वर्ख लावावा आणि त्यावर शिक्का उमटवावा असा त्याने हुकूम दिला. जागेला एवढी किंमत होती.

इंग्रजांनी सोन्याचा वर्ख काढून टाकला पण जागेचा आग्रह ठेवला, तोही कायद्याच्या भाषेत. १८९९ च्या भारतीय मुद्रांक अधिनियमाचे कलम १३ सांगते की, मुद्रांकित कागदावरील दस्त असा लिहिला पाहिजे की मुद्रांक दस्ताच्या दर्शनी भागावर दिसेल आणि तोच मुद्रांक दुसऱ्या दस्तासाठी वापरता येणार नाही. कलम १४ प्रमाणे ज्यावर मुद्रांक लागू झाला आहे अशा कागदावर शुल्कपात्र असा दुसरा दस्त लिहिता येत नाही. आणि कलम १५ चा दणका असा की हे नियम मोडून लिहिलेला दस्त मुद्रांकच नसलेला समजला जाईल. पूर्ण पैसे भरलेले असोत, मजकूर निर्दोष असो. खूण चुकीच्या जागी असेल तर दस्त लंगडा. त्याआधीच्या १८७० च्या कोर्ट फी अधिनियमात तिकीट रद्द करताना त्यावरील मुखवटा छिद्र पाडून काढावा, मात्र किमतीचा आकडा शाबूत ठेवावा, असे सांगितले आहे. भोक कुठे पाडायचे हेही कायद्याने ठरवलेले!

टंकलेखन यंत्राच्या काळात यात फारसा फरक पडला नाही. कागद रुळावर चढवला की तोच कागद शेवटपर्यंत समोर असे. तिसरे पान म्हणजे तिसरा कागद. शिक्क्यासाठी चार ओळी मोकळ्या सोडायच्या म्हटले की सोडता येत.

संगणक आला आणि पान नाहीसे झाले.

हे विधान वाचकांना अतिशयोक्त वाटेल, म्हणून थोडे सविस्तर सांगते. पडद्यावर आपल्याला पाने दिसतात हे खरे. परंतु वर्डसारख्या शब्दसंस्करण प्रणालीत मूळ वस्तू असते ती मजकुराची एक अखंड धार, आणि ती परिच्छेदांत विभागलेली असते. पान ही त्या धारेवर दर वेळी नव्याने घातलेली घडी असते. अक्षराचा टंक बदलला, समास बदलला, कधी कधी नुसता प्रिंटर बदलला तरी घडी दुसरीकडे पडते. त्यामुळे चौकोन, बाण किंवा गोल शिक्क्याचे चित्र 'तिसऱ्या पानावर' ठेवा असे वर्डला सांगताच येत नाही. आकृती कोणत्या तरी परिच्छेदाला नांगराने बांधावी लागते. तो परिच्छेद ज्या पानावर जाईल तिथे आकृती जाते. पुढे वर्डच्या २००३ च्या आवृत्तीत मॅक्रो लिहिणाऱ्यांना 'पेज' नावाची वस्तू मिळाली, पण तीदेखील दस्तऐवजाची नव्हे तर खिडकीची. त्या क्षणी पडद्यावर जे पान मांडले गेले आहे, त्याची. मला हा भेद फार बोलका वाटतो.

भारतीय भाषांच्या कार्यालयांत हा घोळ दुप्पट होता. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाचा फॉण्ट वेगळा. एका तालुक्यात नीट बसलेले पान जिल्ह्याला पाठवले की अक्षरे रुंदावत, ओळी वाढत आणि आकृत्या प्रवासाला निघत.

हा केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही, हे एका भूसंपादनाच्या प्रकरणात माझ्या लक्षात आले. महाराष्ट्राबाहेरचा जिल्हा, आणि काळ १८९४ चा भूसंपादन कायदा अमलात होता तेव्हाचा (तो १ जानेवारी २०१४ पासून गेला). कलम ९ च्या नोटिसा खातेदारांना जायच्या होत्या. त्यांना समजावे म्हणून प्रत्येक नोटिशीच्या तिसऱ्या पानावर गटाचा छोटा नकाशा आणि संपादित होणाऱ्या भागाभोवती एक जाड चौकोन, अशी योजना होती. नोटिसा बाहेरच्या एका टंकलेखन केंद्राकडून तयार करून घेतल्या होत्या. तिथे नकाशा मजकुराच्या ओळीत घातला गेला, तर चौकोन पानाच्या वरच्या कडेपासून मोजून ठेवला गेला. ज्या गटात दोन-तीन सहहिस्सेदार होते तिथे सगळे ठीक. जिथे भावाभावांची आठ-दहा नावे होती तिथे मजकूर वाढला, नकाशा दोन-तीन ओळी खाली सरकला आणि चौकोन मात्र होता तिथेच राहिला. काही नोटिशींत तर नांगराचा परिच्छेदच चौथ्या पानावर गेला, आणि कोऱ्या पानावर एकटा चौकोन छापला गेला.

एक वृद्ध खातेदार नोटीस घेऊन आले. त्यांच्या गटाच्या उत्तरेकडची खडकाळ पट्टी जायची होती. नोटिशीतील चौकोन त्यांच्या विहिरीवर होता. त्यांचा एकच प्रश्न होता, "साहेब, पाणीही घेणार का?" मजकुरात क्षेत्र व दिशा अचूक लिहिली होती, परंतु त्यांना वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी नोटीस म्हणजे तो चौकोनच होता. मी सुनावणीची तारीख पुढे ढकलली आणि सर्व नोटिसा परत मागवल्या.

दुरुस्ती केली ती आमच्या कार्यालयातील एका तरुण लिपिकाने, मॅक्रो लिहून. १९९७ च्या आवृत्तीपासून वर्डमध्ये व्हिज्युअल बेसिकची भाषा आली होती. त्याने ती पुस्तकातून शिकून घेतली होती. त्याची रीत मला आजही नमुनेदार वाटते. 'तिसऱ्या पानावर जा आणि चौकोन काढ' अशी आज्ञा त्याने लिहिली नाही, कारण तिसरे पान कुठे सुरू होईल ते खात्यातील नावांवर अवलंबून होते. त्याने आधी नकाशाच्या शीर्षकाच्या परिच्छेदाला 'याच्या आधी नवे पान' हा गुण दिला. म्हणजे तो परिच्छेद पानाच्या माथ्यावरच येणार, मग ते पान तिसरे असो वा चौथे. नकाशा ओळीतून बाहेर काढून त्याने नकाशा व चौकोन दोहोंचा नांगर त्याच परिच्छेदात टाकला. मग अंतर कशापासून मोजायचे ते सांगितले, म्हणजे पानाच्या डाव्या व वरच्या कडेपासून. त्यानंतरच अंतरे दिली. हा क्रम पाळावा लागतो. आधी अंतर व नंतर मोजण्याचा संदर्भ दिला तर आकृती भलतीकडे जाऊ शकते. अंतरे पॉइंटमध्ये असतात, ७२ पॉइंटचा एक इंच. ए-फोर कागद साधारण ५९५ पॉइंट रुंद आणि ८४२ उंच भरतो. शेवटी नकाशा व चौकोन यांचा एक गट बांधला, म्हणजे हलले तरी दोघे बरोबर हलतील. नोटिसा दुसऱ्या दिवशी तयार झाल्या. तरीही प्रत्येक प्रतीतला चौकोन मूळ मोजणी नकाशाशी ताडून पाहायला मी भूमापकांना बसवले होते.

त्या लिपिकाने जे केले त्यात अबुल फझलच्या काळच्या मुनशीला नवे काही वाटले नसते. कड ठरवा, कडेपासून अंतर ठरवा, दोन गोष्टी एकमेकींना बांधा.

काही वाचक म्हणतील की ओपन ऑफिसमध्ये, आणि २०१० पासून त्यातून निघालेल्या लिब्रे ऑफिसमध्ये, आकृती थेट पानाला बांधण्याची सोय आहे. आहे खरी, आणि तिच्या मॅक्रोत पानाचा क्रमांकही देता येतो. पण अलीकडे एखादे पान वाढले की मजकूर पुढे जातो आणि आकृती जुन्या क्रमांकाच्या पानावर राहते. जिथे छापील नमुना ठरलेला आहे तिथे ही सोय उत्तम. जिथे खातेदारांची नावे कमी-जास्त होणार तिथे परिच्छेदाचा नांगर बरा, मात्र तो विचारपूर्वक टाकलेला हवा.

मॅक्रोचे हे दिवस फार टिकले नाहीत. १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' आणि १९९९ मध्ये 'मेलिसा' हे विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरले होते. त्यानंतर बऱ्याच कार्यालयांत मॅक्रो सरसकट बंद ठेवण्याची पद्धत पडली. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातून अडवायला सुरुवात केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण ज्या लिपिकांनी आपापल्या टेबलाच्या गरजेपुरती चार ओळींची हत्यारे घडवली होती, ती त्यांच्या हातून गेली आणि त्यांच्या जागी तसे काही कोणी दिले नाही, याची खंत वाटते.

पान परत मिळाले ते पीडीएफमुळे. १९९३ मध्ये आलेल्या आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या या स्वरूपात पान ही पुन्हा एक पक्की वस्तू झाली. तिसऱ्या पानावर अमुक ठिकाणी ठेवलेली खूण तिथेच राहते. भारताच्या २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिली आणि तिने तर जागेचा प्रश्नच उलटा केला. ही स्वाक्षरी संपूर्ण फाइलीच्या गणिती गोषवाऱ्यावर होते. नंतर मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी पडताळणीत ते उघड होते. पानाच्या कोपऱ्यात दिसणारी नाव-तारखेची चौकट ही केवळ माणसांच्या डोळ्यांसाठी. ती कुठेही ठेवली किंवा अजिबात दाखवली नाही तरी स्वाक्षरीच्या बळात फरक पडत नाही.

परंतु फाइल छापली की ते गणित कागदावर उतरत नाही. अंकीय स्वाक्षरी असलेल्या दाखल्याची छापील प्रत घेऊन माणूस एखाद्या खिडकीवर जातो, तिथला कर्मचारी ती उलटसुलट पाहतो आणि गोल शिक्का मागतो. मग कोणी तरी शाईची गादी उघडतो आणि अर्जावरच्या छायाचित्रावर शिक्का मारतो, अर्धा छायाचित्रावर आणि अर्धा कागदावर.