चार चाके, आठ पाय

अड्याळात कुणी ‘गाडी पळवली’ म्हटले की विचारून घ्यावे : चार चाकांची की आठ पायांची?

मद्रासजवळ शोलावरमला, महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर, लोक घरचीच फियाट शर्यतीला काढत. इंजिन १०८९ सीसीचे, खिसा त्याहून लहान. मग मागची सीट काढा, स्टेपनी उतरवा, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवा! आमच्या भंडाऱ्याकडे शंकरपटाचे शास्त्र हेच. धान वाहणारी बंडी घरी, पटावर हलका छकडा. वजन घटले की तेवढ्याच ताकदीत वेग वाढतो, हे डोक्यात सफरचंद न पडताच ठाऊक.

उरली सर्वांत स्वस्त युक्ती, तुतारी. टोचले तर फियाट बोलत नाही. बैलही बोलत नाही, पण त्याला दुखते. म्हणून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०२३ साली राज्याचा कायदा मान्य झाला, पण चाबूक-काठीला मनाई. आता वेग हवा तर वर्षभर ढेप चारा, अंग चोळा, माया करा. मोटारवाले यालाच सर्व्हिसिंग म्हणतात. आणि ती, अनुभवी माणसाला विचारा, कधीच स्वस्त नसते!