फोटोतली जांभळी कड आणि न्यूटनचा एक निष्कर्ष

पांढुरक्या आकाशासमोर उभ्या असलेल्या निष्पर्ण झाडाचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल तर तो उघडा आणि कोपऱ्याकडे झूम करा. फांदीच्या एका बाजूला लालसर-जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट अशी बारीक कड बहुतेक दिसेलच. याला वर्णविपथन म्हणतात. फोटोग्राफर मंडळी ‘क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन’ म्हणतात. कारण आपण बारावीतच शिकलोय: काच निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा जास्त वळवते, त्यामुळे एकाच भिंगातून येणाऱ्या निळ्या आणि लाल प्रतिमा नेमक्या एकावर एक बसत नाहीत.

कड घालवायची कशी, ते शेवटी सांगतो. त्याआधीचा इतिहास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर आहात आणि हा प्रश्न कित्येक दशकं अडून राहिला तो एका फार मोठ्या माणसाच्या निष्कर्षापाशी.

न्यूटनने १६७२ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं, की पांढरा प्रकाश अनेक रंगांच्या किरणांचा बनलेला असतो आणि प्रत्येक रंगाचं अपवर्तन वेगळं असतं. इथपर्यंत सगळं पक्कं. पुढे ‘ऑप्टिक्स’ (१७०४) या ग्रंथात त्याने काच आणि पाणी यांचे लोलक एकत्र वापरल्याचा प्रयोग दिला. त्याचं म्हणणं असं, की आत शिरलेला किरण शेवटी मूळ दिशेला समांतर बाहेर पडला तर तो नेहमी पांढराच असतो. याचा अर्थ, वळणं गेलं की रंग जातात आणि वळणं राहिलं की रंगही राहणार. मग रंगाची कड नसलेलं भिंग होणारच कसं? भिंगाची दुर्बीण सुधारण्याची आशा त्याने सोडली. स्वतः १६६८ मध्येच आरशाची दुर्बीण बनवून तो मोकळा झाला होता. बाकीच्यांनी तोवर नळ्या लांबवण्याचा मार्ग धरला होता, कारण नाभीय अंतर वाढवलं की कड कमी खटकते. डान्झिगच्या हेवेलियसची एक दुर्बीण तर १५० फूट लांब होती! वाऱ्याची झुळूक आली की ती हलायची.

आता गंमत बघा. ही कोंडी फुटायला सुरुवात झाली ती एका चुकीच्या समजुतीतून. चेस्टर मूर हॉल हा इंग्लंडमधला वकील. त्याचा तर्क असा: डोळ्यात वेगवेगळे द्रव आहेत, डोळ्याला रंगीत कडा दिसत नाहीत, म्हणजे वेगवेगळी माध्यमं जोडून रंग घालवता येत असणार. १७३३ च्या सुमारास त्याने क्राउन काचेचं बहिर्गोल आणि फ्लिंट काचेचं अंतर्गोल भिंग जोडून दुर्बीण करवली. फ्लिंट काचेत शिसं असतं आणि ती वळवण्याच्या मानाने रंग जास्त फाकवते, त्यामुळे एक भिंग दुसऱ्याचे रंग खोडतं, पण वळणं थोडं शिल्लक राहतं. गुपित फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगांची कामं दोन वेगळ्या कारागिरांना दिली. दोघांनीही ती पुढे एकाच माणसाकडे सोपवली, जॉर्ज बासकडे! हॉलने मात्र यावर काहीच प्रसिद्ध केलं नाही.

ऑयलरनेही १७४७ मध्ये डोळ्याचाच दाखला देत गणित मांडलं. त्याला विरोध केला लंडनच्या जॉन डॉलंडने. हा मूळचा रेशीम विणणारा, नंतर मुलाच्या चष्म्या-दुर्बिणींच्या दुकानात आलेला. विरोधाचा आधार काय, तर न्यूटनने असं सांगितलंय. मग स्वीडनच्या उप्साला इथल्या क्लिंगेनस्टिएर्नाने भूमितीने दाखवून दिलं, की न्यूटनचा तो नियम सर्वसाधारणपणे खरा असूच शकत नाही. डॉलंडला आता गप्प बसवेना. पाण्याने भरलेल्या पाचरीच्या आकाराच्या भांड्यात त्याने काचेचा लोलक ठेवला आणि वळणं शून्य होईपर्यंत कोन बदलत नेला. समोरची वस्तू जागेवर दिसली, पण तिला रंगांची झालर होती. न्यूटनच्या वाक्याच्या नेमकं उलट. वळणाशिवाय रंग मिळतात, तर रंगाशिवाय वळणंही मिळायला हवं! १७५८ मध्ये त्याचा निबंध आला, पेटंट आलं आणि कोपली पदकही.

मूळ कल्पना बासकडून डॉलंडपर्यंत पोचली होती, असं त्याचाच जावई जेसी रॅम्सडेन याने पुढे लिहिलं. जॉनच्या मृत्यूनंतर मुलगा पीटर पेटंटसाठी इतर कारागिरांविरुद्ध कोर्टात गेला आणि १७६६ मध्ये जिंकला: शोध कपाटात बंद करून ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांसमोर आणणाऱ्याचं पारडं जड ठरलं. हॉलवर अन्याय झाला असं अनेकांना वाटतं. मला तितकंसं वाटत नाही; पंचवीस वर्षं हातात होती की.

आणि तो डोळा? डोळ्यातही वर्णविपथन असतं, चांगलं ठसठशीत. दृश्य वर्णपटाच्या दोन टोकांमध्ये जवळपास २ डायॉप्टरचा फरक पडतो. मेंदू तो जाणवू देत नाही, इतकंच. म्हणजे हॉल आणि ऑयलर दोघांचं गृहीतक चूक, निष्कर्ष बरोबर.

दोन काचांनी दोन रंग एकत्र येतात, बाकीचे थोडे सुटतात. तेही आवरायला येना इथे अबेने १८८६ मध्ये फ्लोराइट खनिज वापरून सूक्ष्मदर्शकाची नवी भिंगं केली. तेच फ्लोराइट, कृत्रिमरीत्या वाढवलेलं, १९६९ मध्ये कॅननच्या ३०० मिमी लेन्समध्ये आलं.

आता तुमचा फोटो. कड फक्त कोपऱ्यांकडे असेल आणि मध्यभाग स्वच्छ असेल, तर लाल, हिरव्या आणि निळ्या प्रतिमांचा आकार किंचित वेगळा पडलाय. रॉ फाइल उघडणारं सॉफ्टवेअर लाल आणि निळी प्रतिमा हिरव्याच्या मापाला ताणून किंवा आकसून बसवतं. एका क्लिकचं काम. पण फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी झाक मध्यभागातही दिसत असेल, तर रंगांचे फोकसच वेगळ्या अंतरांवर आहेत. सॉफ्टवेअर तो रंग फिका करतं, पण हरवलेला तपशील परत आणत नाही. तिथे फोटो काढतानाच अ‍ॅपर्चर एक-दोन स्टॉप लहान करा.