कल चाचणी (महाराष्ट्र)

कल चाचणी ही महाराष्ट्रातील इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांची आवड कोणत्या क्षेत्राकडे झुकते, हे त्यांच्याच उत्तरांवरून ठरवणारी स्वमूल्यमापन चाचणी होय. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने श्यामची आई फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्याने २०१६ मध्ये ती राज्यभर घेण्यास सुरुवात केली. सोलापूर जिल्ह्यातील शाळा मंडळाच्या पुणे विभागात मोडतात.

स्वरूप

निकालात कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे असत. पुढे ही चाचणी मोबाइलवरील उपयोजनाद्वारे घेतली जाऊ लागली. येथे कोणतेही उत्तर चूक किंवा बरोबर नसते. विद्यार्थी आपल्याला काय आवडते एवढेच सांगतो. त्यामुळे चाचणीतून कल कळतो, क्षमता नव्हे. तांत्रिक क्षेत्राकडे कल निघाला म्हणून गणित जमेलच असे नाही. क्षमता तपासण्यासाठी अभिक्षमता चाचणी वेगळी असते आणि तिच्यात प्रश्न प्रत्यक्ष सोडवावे लागतात. पालक बहुधा या दोहोंत गल्लत करतात.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

आवडीवरून माणसाचा प्रकार ओळखण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तामुळे रूढ झाली. त्यांनी वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी व परंपरानिष्ठ असे सहा प्रकार मानले. मात्र कोणीही व्यक्ती निव्वळ एकाच प्रकारची नसते, म्हणून तिचे वर्णन सहसा तीन प्रबळ प्रकारांच्या क्रमाने केले जाते. त्याआधी, १९२१ मध्ये, कार्ल युंग यांनी अंतर्मुख व बहिर्मुख हे भेद मांडले होते. त्यांच्या विचारांवर आधारलेली मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावली माणसांची सोळा प्रकारांत विभागणी करते. स्वभावानुसार केलेली वर्गवारी मराठी वाचकाला तशी नवी नाही: समर्थ रामदासांच्या दासबोधात दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांपासून पढतमूर्खापर्यंत ती आढळते, आणि तेथेही वाचकाने स्वतःलाच तपासायचे असते.

सोलापूरमधील परिस्थिती

स्वतःविषयीची उत्तरे भाषेवर आणि पाहिलेल्या जगावर अवलंबून असतात. सोलापूर शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. घरी तेलुगू बोलणारे यंत्रमाग कामगाराचे मूल शाळेत मराठी प्रश्न वाचते, तेव्हा त्याला शब्दाची नेमकी छटा कळेलच असे नाही. कृषीविषयक प्रश्नाला सांगोल्यातील डाळिंब उत्पादकाच्या मुलीने दिलेला नकार हा शेतीच्या नावडीतून आलेला असू शकतो किंवा पाऊस न पडलेल्या दोन हंगामांतूनही. निकालात दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. ज्या व्यवसायाचे नावही ऐकलेले नाही, त्याची आवड नोंदवता येत नाही, ही या पद्धतीची सर्वांत मोठी अडचण म्हणावी लागेल.

निकालाचा अर्थ

निकाल वाचताना तो आपल्याला तंतोतंत लागू पडतो असे वाटणे हा त्याच्या अचूकतेचा पुरावा नव्हे. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी देऊन प्रत्येकाला ‘त्याचे’ वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले; प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर मिळाला होता. समाजमाध्यमांवरील ‘तुमचा स्वभाव ओळखा’ छापाच्या चाचण्या याच प्रवृत्तीवर चालतात. मायर्स-ब्रिग्जसारख्या विभागणीतील दोष निराळा आहे. बहुतेकांचे गुण मध्यरेषेच्या आसपास असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरल्यास अनेकांचा प्रकार बदलतो.

कल चाचणीचा निकाल विद्यार्थ्यावर बंधनकारक नव्हता. अकरावीचे प्रवेश दहावीच्या गुणांवरच होत राहिले.