तोफ आणि कलम

वर्गात जपानचा धडा घेताना मुले रंगून जात ती अमेरिकन कमोडोर पेरीच्या काळ्या जहाजांत. जुलै १८५३ मध्ये त्याच्या चार युद्धनौका इदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या उपसागरात शिरल्या. पण माझ्या मते खरा घाव घातला तो पाच वर्षांनी, कागदावरच्या कलमांनी.

२९ जुलै १८५८ रोजी अमेरिकेचा कॉन्सल टाउनसेंड हॅरिस याच्याशी करार झाला. डच, रशियन, इंग्रज आणि फ्रेंच यांनीही लगोलग तसेच करार पदरात पाडून घेतले. परदेशी माणसाने जपानात गुन्हा केला तर खटला त्याच्याच कॉन्सलपुढे. जकातीचे दर करारातच बांधलेले. आणि एक साधे दिसणारे कलम : परदेशी नाणे जपानी नाण्याशी वजनास वजन बदलून मिळेल.

मेख इथेच होती. जपानात सोने चांदीच्या सुमारे पाचपट मोलाचे, बाहेरच्या जगात पंधरापट. व्यापारी चांदीचे डॉलर आणी, त्यांच्या वजनाची जपानी चांदीची नाणी घेई, ती देऊन सोन्याची नाणी घेई आणि शांघायला नेऊन विके. एका खेपेत जवळजवळ तिप्पट! १८५९ मध्ये योकोहामा बंदर उघडले आणि सोने वाहू लागले.

जपानी अधिकाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांनी त्याच वर्षी जड चांदीचे नवे नाणे काढून पाहिले. परदेशी प्रतिनिधींनी कराराकडे बोट दाखवून ते हाणून पाडले. अखेर १८६० मध्ये सोन्याच्या नाण्यातले सोनेच सुमारे तृतीयांशावर आणावे लागले. गळती थांबली, पण महागाई भडकली. ठराविक वेतनावर जगणारा गरीब सामुराई भरडला गेला. सम्राटाच्या संमतीविना करार करणारा प्रधान इई नाओसुके त्याच वर्षी मारला गेला. १८६७ च्या नोव्हेंबरात शोगुन योशिनोबूने सत्ता सम्राटाला परत केली.

१८६३ मध्ये इंग्रजांनी कागोशिमावर तोफा डागल्या. त्यानंतर दोनच वर्षांत तिथल्या सात्सुमा घराण्याने आपले तरुण शिकायला इंग्लंडला पाठवले. तोफेच्या जखमेतून ते इतक्या लवकर सावरले. कलमांचे तसे नव्हते. परदेशी कॉन्सलांची न्यायालये जायला १८९९ उजाडले, जकातीचा पूर्ण हक्क मिळाला १९११ मध्ये. सही एका दिवसाची, निस्तरणे त्रेपन्न वर्षांचे!

वाचल्याशिवाय सही करू नये, असे आपण मुलांना सांगतो. ते खरेच आहे. पण वाचून, समजूनही सही करावी लागते, तेव्हा समोरच्याच्या कलमामागे न उडालेली तोफ उभी असते. इतिहास शिकवताना तीही दाखवायला हवी.