उकळत्या पाण्यातला पीळ

डीएनए म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन साखळ्या, एवढं शाळेत शिकवतात. पीळ आला की गुंताही आला, हे मात्र राहून जातं. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करताना साखळ्या उलगडते, तेव्हा दोरी उकलताना होतं तसा पुढच्या भागात पीळ साचत जातो. डीएनएतला पीळ सोडवणारं पहिलं एन्झाइम जेम्स वँग यांनी १९७१ साली ई. कोलाय या जिवाणूत दाखवलं. ते साखळी कापतं, पीळ निघून जाऊ देतं आणि पुन्हा सांधतं. पुढे १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट यांच्या गटाला 'गायरेज' सापडलं. ते ऊर्जा खर्चून पीळ मुद्दाम सैल करतं.

१९८४ मध्ये किकुची आणि आसाई या जपानी संशोधकांनी नेमकं उलटं काम करणारं एन्झाइम जाहीर केलं. ते ऊर्जा खर्चून पीळ घट्ट करतं, म्हणून नाव 'रिव्हर्स गायरेज'. ते मिळालं सल्फोलोबसमध्ये. थॉमस ब्रॉक यांनी यलोस्टोनच्या आम्लयुक्त गरम झऱ्यांतून वेगळा केलेला हा सूक्ष्मजीव ७५-८० अंश सेल्सिअसला सुखाने वाढतो.

स्पष्टीकरण जणू तयारच होतं: उष्णतेने साखळ्या सुटतात, घट्ट पीळ त्यांना धरून ठेवतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर पीळच सुंभाला वाचवतो! इतकं सुबक उत्तर मिळालं की मला जरा शंकाच येते. १९९४ मध्ये मार्गे आणि फोर्तेर यांनी दाखवलं, की डीएनएची टोकं मोकळी नसतील तर साखळ्या १०७ अंशांनाही सुटत नाहीत. खरा धोका साखळी तुटण्याचा आहे.

तरीही अतिउष्ण जागी राहणाऱ्या जीवांत हे एन्झाइम हटकून सापडत राहिलं. २००२ मध्ये फोर्तेर यांनी जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा अशा सगळ्या जीवांत असलेलं आणि इतरांत नसलेलं प्रथिन हे एकच निघालं. त्याच्या जनुकाचा क्रम १९९३ मध्येच वाचला गेला होता. त्यात दोन जुनी एन्झाइमं एकाला एक जोडलेली दिसतात: एक साखळ्या उलगडणाऱ्या हेलिकेजच्या जातीचं, दुसरं कापून सांधणारं. (दोन जुन्या लायब्ररी जोडून नवं काम भागवणं आमच्या धंद्यातही चालतं.) फोर्तेर यांचा युक्तिवाद असा: सुटे भाग आधीचे, तर ते बाळगणारे जीव कमी तापमानात राहत असणार, म्हणजे जीवसृष्टी उकळत्या पाण्यात सुरू झालेली नाही.

युक्तिवाद देखणा आहे, पण २००४ मध्ये क्योतो विद्यापीठातल्या आतोमी, इमानाका यांच्या गटाने थर्मोकॉकस कोडाकारेन्सिसमधून हे जनुकच काढून टाकलं. जीव मेला नाही. वाढ मंदावली, ९३ अंशांना ती थांबली. पण ९० अंशांना तो रिव्हर्स गायरेजविना वाढत होता. मग हे एन्झाइम जुळून येण्याआधीही कुणी तसंच ९० अंशांत राहत असेल, ही शक्यता फोर्तेर यांच्या युक्तिवादाने मिटत नाही.