काठी जाते त्या वाटेने

डिसेंबरातल्या एका गुरुवारी डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला. “आत्या, शनिवारी अक्कलकोटचं दर्शन आटपून तीनपर्यंत सोलापुरात येतो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं परत. मधे पाच-सहा तास मिळतील. बघण्यासारखं काय काय आहे, त्याची यादी करून ठेव.”

असे फोन मला नवे नाहीत. पूर्व भागातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे नातेवाइकांत कुणीही सोलापुरात येणार असला की विचारणा माझ्याकडे होते. येणाऱ्याकडे वेळ नेहमीच थोडा असतो. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीस, पंढरपूर सत्तरच्या आसपास. माणसं स्वामींकडे, आईकडे, विठोबाकडे निघालेली असतात आणि सोलापूर त्यांना वाटेत लागतं. १८६० साली इथं रेल्वे आली, तेव्हापासून हे गाडी बदलायचं गाव झालं. ज्या गावात दोन गाड्यांच्या मधला वेळच घालवायचा, तिथं काय बघायचं हे आधीच ठरवावं लागतं, आणि ते कोण ठरवतं यावर गाव कसं दिसतं ते अवलंबून असतं.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूरवरचा खंड १८८४ साली निघाला. साहेबांच्या नजरेला किल्ला महत्त्वाचा होता, कारण तो त्यांनी घेतलेला होता. माझ्या आईच्या लेखी पाहुण्याला आधी रूपाभवानीच्या पायाशी न्यायचं, बाकी सगळं मागून. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेखात्यात होते. ते पाहुण्याला हाताला धरून जुन्या मिलची चिमणी दाखवायला न्यायचे. जुनी मिल १८७७ सालची, मुरारजी गोकुळदासांनी काढलेली, गावातली पहिली कापडगिरणी. वडील तिथं कधीच कामाला नव्हते, पण ती चिमणी त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यासारखी वाटायची. भोंग्यावर उठणाऱ्या, भोंग्यावर जेवणाऱ्या माणसाची यादी दुसरी काय असणार?

पण या गावाची स्वतःची एक यादी आहे आणि ती या सगळ्यांहून जुनी आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदवलं आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली, अशी श्रद्धा आहे. तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत. सिद्धराम कन्नड वचनकार होते, बसवेश्वरांचे समकालीन. त्यांच्या नावाची गड्डा यात्रा दर संक्रांतीला भरते. १३ जानेवारीला उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून मानाच्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघतात आणि अडुसष्टच्या अडुसष्ट लिंगांना तेल-हळद लावून परततात. याला आम्ही तैलाभिषेक म्हणतो, कन्नड घरांतून यण्णीमज्जन. सकाळी निघालेल्या काठ्यांना परतायला रात्र होते. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेली माणसं, खांद्यांची अदलाबदल आणि ‘हर्र बोला हर्र’चा गजर.

म्हणजे अख्खं गाव एका दिवसात कसं बघायचं, हा प्रश्न या गावाने कधीच सोडवून ठेवला आहे. त्याचं उत्तर चालण्याच्या क्रमात आहे. काठी कुठलंही लिंग वगळत नाही, आणि कुठंही रेंगाळत नाही. आपण अडुसष्ट ठिकाणी जाऊ शकत नाही, पण त्या वाटेचा एक तुकडा धरून चालू शकतो. मी भाच्याला यादी पाठवली नाही. “चपला चालायच्या घाला,” एवढंच कळवलं.

तीनला येणारे साडेतीनला आले. भाचा, सूनबाई आणि त्यांची बारा वर्षांची लेक. बॅगा घरी टाकल्या, चहा झाला आणि रिक्षा केली. “कुठं जाऊलालाव, बाई?” रिक्षावाल्याने विचारलं. हे ‘जाऊलालाव’ ऐकून नात खुदकन हसली. मी तिला म्हटलं, ही आमची बोली आहे. कन्नड, तेलुगू आणि दखनी शेजारी नांदल्या की मराठी अशी होते. सोलापूर बघायला तिथूनच सुरुवात झाली.

तळ्याच्या काठावर मी त्यांना बसवलं. पाहुण्याकडे तास दोनच असोत की सहा, माझा सर्वात मोठा वेळ याच काठासाठी राखलेला असतो. पाण्यात मंदिर आहे, तिथंच सिद्धरामांची समाधी. मंदिराच्या बाजूला संमती कट्टा. पाण्याच्या पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी थेट तळ्यात उतरलेली. त्या बाजूला खंदकाचं काम तळंच करतं. आणि पाठीशी थोड्या अंतरावर होम मैदान. मान वळवली की आठशे वर्षं दिसतात.

संमती कट्ट्यावर भोगीच्या दुपारी अक्षता सोहळा होतो. एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशीच लग्न करायचं मनात धरलं. ते विरक्त. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. ते लग्न आजही दरवर्षी लागतं. नंदीध्वज म्हणजे तो योगदंड. संमतीचं वाचन कन्नडमध्ये होतं आणि लाखो माणसं अक्षता टाकतात. मी लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून हे पाहिलं आहे. वाचन संपलं आणि चहूबाजूंनी तांदूळ उडाले. तळ्याच्या पायऱ्यांवर, बाराबंद्यांवर, माझ्या केसांत. घरी आल्यावर आईने फणी घातली तेव्हा पिवळे दाणे फरशीवर टपटपले. आईने ते गोळा करून देव्हाऱ्यात ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी त्या कुंभारकन्येच्या प्रतीकाला साडी नेसवून होम होतो. लग्नानंतर तिने अग्निप्रवेश केला, अशी कथा. होम मैदानाचं नाव त्यावरून पडलं.

आता समोरचा किल्ला. बहमनी काळातला, दुहेरी तटाचा. आतमध्ये सिद्धरामांनी स्थापलेल्या कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिराचे अवशेष आहेत; तो देव आता बाळीवेशीतल्या देवळात आहे. बहमनी राज्य फुटल्यावर हा किल्ला विजापूर आणि अहमदनगरच्या मधोमध आला, आणि दोन्हीकडच्यांना तो हवाच होता. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण द्यायचं ठरलं. लग्न लागलं, किल्ला दिला गेला नाही. त्या न दिलेल्या आंदणावरून दोन्ही घराण्यांत किती वर्षं लढाया झाल्या! पुढे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी सगळ्यांना विजयनगरविरुद्ध एकत्र यायचं होतं, तेव्हा अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि हाच किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून विजापूरला गेला.

वर्गात मी हे तारखांसकट शिकवत असे. तळ्याच्या काठावर बसल्यावर मात्र तारखा मागे पडतात. एकाच पाण्याच्या या बाजूला एक लग्न, त्या बाजूला दोन. इकडच्या मुलीने नवरा स्वतः मागितला. तिकडच्या दोघींना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. त्यांच्याबरोबर बुरूज मोजून द्यायचे ठरले. त्यांतली चांदबीबी पुढे अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणारी म्हणून इतिहासात उभी राहिली. कुंभाराच्या पोरीला गाव कुंभारकन्या एवढंच म्हणतं, पण तिच्या लग्नाला गाव दरवर्षी जातं. नातीने हे ऐकून तटबंदीकडे पाहिलं, मग कट्ट्याकडे, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

किल्ल्याच्या आत आम्ही गेलो नाही. त्या दिवशी त्याला वेळ दिला असता तर पुढचं सुटलं असतं, आणि पुढचं सोडायची माझी तयारी नव्हती.

पुढचं म्हणजे चार पुतळे. होम मैदानावरून चालत गेलं की पाच-दहा मिनिटांत येतात. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने पेशव्यांकडून सोलापूरचा किल्ला घेतला. त्यानंतर ११२ वर्षांनी, पुन्हा मे महिन्यातच, हे गाव इंग्रजांच्या हातातून काही दिवस सुटलं. ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेवर तिरंगा चढला होता. मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडं तोडणाऱ्या जमावावर गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे गेले. मग गाव उसळलं. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, कोर्ट पेटलं. सरकारी अंमल उरलाच नाही. १२ मेच्या संध्याकाळी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. त्या दिवसांत झेंडा घेऊन निघणं हा गुन्हा होता. चौकीच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं.

१२ जानेवारी. दुसऱ्या दिवशी तैलाभिषेक, त्याच्या पुढच्या दिवशी अक्षता. म्हणजे गावात यात्रेची तयारी चाललेली असतानाच ही बातमी आली असणार. आजही आधी या चौघांना हार घातले जातात आणि मग काठ्या निघतात. हे दोन दिवस मला कधीच वेगळे करता आलेले नाहीत. भाच्याला मी चारही आडनावं मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने वाचली. चार समाजांतली चार घरं, एका सकाळी रिकामी झालेली.

इंद्रभुवन आम्ही रिक्षातूनच पाहिलं. अप्पासाहेब वारदांचा हा वाडा, आता महापालिकेचा. त्याच्या दगडी नक्षीला खरं तर अर्धा दिवस हवा. भय्या चौकाजवळचं डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं घरही राहिलं. १९१० मध्ये इथं जन्मलेला, १९३८ मध्ये चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारलेला हा डॉक्टर; चीनहून येणारे पाहुणे त्याच्यासाठी मुद्दाम सोलापूर गाठतात आणि आपण वळून पाहत नाही. त्या दिवशी मीही वळले नाही, याचं मला वाईट वाटलं. नान्नजच्या माळढोकांचं आणि कुडलच्या संगमावरच्या १०१८ सालच्या मराठी शिलालेखाचं तर नावसुद्धा काढलं नाही. आनंद कुंभार हे आमच्याच गावचे संशोधक. त्यांनी पायी हिंडून असे लेख शोधले, वाचले. भीमा-सीनेच्या संगमावर एक सबंध दिवस ठेवायचा, तासाच्या हिशेबात ते बसवू नये.

जुनी सेटलमेंटही राहिली. गुन्हेगार जमातींचा कायदा लावून माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, ती जागा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. प्रेक्षणीय स्थळांत तिची गणना कुणी करत नाही. नात आणखी थोडी मोठी झाली की तिला मी तिथं घेऊन जाईन.

दिवेलागणीला पूर्व भागात गेलो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे चार पॉवरलूम आहेत. त्याचे आजोबा तेलंगणातून माग खांद्यावर घेतल्यासारखे इथं आले. पद्मशाली समाजातली अशी किती घरं या भागात आहेत. आत शिरल्यावर बोलणं ऐकू येत नाही, खटक-खटक चालू असते. माथ्यावर जॅकार्डचे भोकं पाडलेले पत्ते एकामागोमाग एक उलटत जातात आणि प्रत्येक पत्त्याबरोबर ठराविक ताणे वर उचलले जातात. भोक असलं तर दोरा उठतो, नसलं तर बसतो. धोटा इकडून तिकडे. हळूहळू मोराचा पिसारा उगवायला लागतो. त्याने चादर उलटून नातीच्या हातात दिली. पुढे तांबड्यावर पांढरा मोर, मागे पांढऱ्यावर तांबडा. “सुलटी कुठली?” तिने विचारलं. “दोन्ही,” तो म्हणाला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे मी नंतर सांगितलं. तेव्हा तिचं लक्ष बोटाखालच्या उठावाकडे होतं.

शेंगाचटणी घ्यायला एक दुकान सोडून दुसऱ्यात गेलो, कारण पहिल्यातली मशीनवर दळलेली होती. शेंगाचटणी कुटायची असते. लसूण, तिखट, जिरं, मीठ आणि भाजलेले दाणे उखळात इतके कुटायचे की दाण्यालाच तेल सुटून चटणीचे खडे व्हावेत. कडक भाकरीबरोबर ती खाल्ली नाही तर सोलापूर जिभेला लागलं असं म्हणता येत नाही.

स्टेशनला जायला अजून तास होता. भाचा म्हणाला, “आता आणखी एखादं ठिकाण?” मी रिक्षा कसब्याकडे वळवायला सांगितली. डिसेंबरात रात्री तिथं नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो, आणि तो बघायला तिकीट लागत नाही.

गल्लीच्या तोंडाशीच गर्दी होती. पंचविशीतला एक पोरगा काठी तोलत येत होता. दिव्यांच्या वर, विजेच्या तारांच्याही वर तिचं टोक गेलं होतं आणि किंचित हलत होतं. त्याची नजर त्या टोकावर, बाकीच्यांची त्याच्या पायांवर. कडेने एक म्हातारे गृहस्थ चालत होते, ते हळू आवाजात कन्नडमधून त्याला सांगत होते. दहा-बारा पावलांवर त्याचा श्वास फुलला, तेव्हा दुसरा पुढे सरकला आणि काठी जमिनीला न टेकता त्याच्याकडे गेली.

नात रिक्षातून कधीच उतरली होती. सूनबाईने घड्याळ पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, आणि तीही उतरली. काठी आमच्यासमोरून पुढे गेली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.